सुटलेली सवय, लागलेली सवय: ‘यूज्ड टू’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही अंकांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकाच इंग्रजी शब्दजोडीविषयीच्या शंका पुन्हा पुन्हा आल्या, म्हणून या वेळची सगळी जागा तिलाच द्यायचे ठरवले. ती शब्दजोडी म्हणजे ‘यूज्ड टू’. दिसायला दोन लहान शब्द आहेत आणि शाळेत ते एका दिवसात शिकवून होतात. परंतु इंग्रजी चांगले वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसांचीही या ठिकाणी गफलत होते, आणि तिचे मूळ बहुधा इंग्रजीत नसून आपल्या मराठी क्रियापदांच्या घडणीत असते, असे माझे मत आहे. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न: मी नऊ वर्षे हिशेबाचे काम करतो. अलीकडे एका मुलाखतीत ‘तुमच्याकडे कोणते काम आहे’ असे इंग्रजीत विचारले गेले, तेव्हा मी ‘आय यूज्ड टू चेक ऑल द बिल्स’ असे उत्तर दिले. त्यावर समोरच्या बाईंनी विचारले, ‘मग ते काम तुमच्याकडून का काढून घेतले?’ ते काम आजही माझ्याकडेच आहे. माझ्या वाक्यात नेमके काय चुकले?

आपल्या मनात ‘मी सगळी बिले तपासत असतो’ हे वाक्य होते, आणि बाईंच्या कानावर ‘मी सगळी बिले तपासायचो’ हे वाक्य पडले. ‘तपासायचो’ म्हटल्यावर मराठी माणूससुद्धा ‘आता कोण तपासते?’ असेच विचारील. त्यामुळे बाईंचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्यात आपल्यावर आरोप करण्याचा हेतू असण्याचे कारण नाही. ‘यूज्ड टू’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप अशी रचना आली की ऐकणारा दोन गोष्टी गृहीत धरतो: ही गोष्ट पूर्वी नेहमी होत असे, आणि आता ती होत नाही. दुसरी गोष्ट शब्दांत कुठेही सांगितलेली नसते, तरी ती पोहोचतेच. एखाद्याला ती पुसायची असेल, तर ‘आणि अजूनही करतो’ अशी पुस्ती त्याला मुद्दाम जोडावी लागते.

आपण द्यायला हवे होते ते वाक्य फार साधे आहे: ‘आय चेक ऑल द बिल्स’. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ सवयीसाठी आणि नित्याच्या कामासाठीच असतो, त्यामुळे आपल्या ‘असतो’साठी वेगळा शब्द शोधण्याची तेथे गरज पडत नाही. जोर द्यायचाच असेल, तर ‘यूज्वली’ हा शब्द घालावा.

परंतु ही चूक इतक्या जणांकडून का होते, याचा विचार केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. मराठीत ‘मी पहाटे उठत असतो’ आणि ‘मी पहाटे उठत असे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत ‘उठत’ तेच, दोन्हींत ‘असणे’ हाच सहायक धातू, आणि काळाचा सगळा फरक त्या धातूच्या शेवटच्या रूपात आहे. आजच्या सवयीसाठी एक रूप, कालच्या सवयीसाठी दुसरे रूप, अशी ही सरळ जोडी आहे. मराठी मनाला साहजिकच वाटते की इंग्रजीतही अशीच जोडी असली पाहिजे: भूतकाळासाठी ‘यूज्ड टू’, तर वर्तमानकाळासाठी ‘यूज टू’. मग कुणी ‘आय यूज टू गेट अप अर्ली’ असे लिहितो, आणि ‘यूज टू’ कानाला अपुरे वाटते म्हणून कुणी आजच्या सवयीलाही ‘यूज्ड टू’च लावून टाकतो. आपल्या मुलाखतीत घडले ते हे दुसरे.

ही जोडी इंग्रजीत एके काळी खरोखरच होती. ‘यूज’ हे क्रियापद फ्रेंचमार्गे लॅटिनमधून इंग्रजीत आले, आणि ‘वापरणे’ या अर्थाबरोबरच ‘नेहमी करणे, करण्याचा परिपाठ असणे’ हाही त्याचा जुना अर्थ होता. त्या अर्थाने ते वर्तमानकाळातही चाले. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरातील 119 व्या स्तोत्रात देवाला उद्देशून ‘तू करत असतोस तसे’ असे म्हणताना ‘यूजेस्ट टू डू’ हेच वर्तमानकाळी रूप आले आहे. पुढे हळूहळू वर्तमानकाळातील रूपे वापरातून गेली आणि ‘यूज्ड टू’ हे भूतकाळी रूप तेवढे मागे राहिले. मोकळ्या पडलेल्या जागेवर ‘यूज्वली’ हा शब्द काम करतो, आणि तोही त्याच लॅटिन कुळातला आहे. म्हणजे ‘यूज टू’ लिहिणारा विद्यार्थी भाषेच्या विरुद्ध जात नाही. तो तीनएकशे वर्षे उशिरा आला आहे एवढेच. शिक्षकांनी वहीत नुसती तांबडी रेघ ओढण्याऐवजी हे दोन वाक्यांत सांगितले, तर ती चूक पुन्हा होण्याचे प्रमाण खूप कमी होईल, असे मला अनुभवावरून वाटते.

येथे आपल्या भाषेतील एका गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. त्याच सतराव्या शतकात तुकोबांच्या अभंगांत ‘तुका म्हणे’ असे येते, आणि त्याचा अर्थ ‘तुका म्हणतो’ असा आहे. आज मात्र ‘आजोबा म्हणे’ किंवा ‘ती रोज देवळात जाई’ असे लिहिले की ते पूर्वीच्या रीतीचे वर्णन होते; व्याकरणात आपण त्याला रीती भूतकाळ म्हणतो. वर्तमानाचे जुने रूप आपल्याकडे सरकत सरकत भूतकाळातील सवयीवर येऊन थांबले. इंग्रजीत वर्तमानाचे रूप गळून गेले आणि भूतकाळाचे उरले. वाटा वेगळ्या असल्या, तरी दोन्ही भाषांत सवय सांगणारी ती जुनी रूपे आज फक्त भूतकाळाची होऊन बसली आहेत. ‘म्हणे’ हे रूप वर्तमानकाळी समजून आज कुणी बोलला तर ऐकणाऱ्याचा जो घोटाळा होईल, तोच आपल्या मुलाखतीत झाला.

याच्याशी जोडूनच दुसऱ्या एका पत्रातील शंका घेतो. ‘मी त्या घरात पाच वर्षे राहिलो’ याचे भाषांतर ‘आय यूज्ड टू लिव्ह इन दॅट हाउस फॉर फाइव्ह इयर्स’ असे केले, तर ते अडते का? होय, अडते, आणि ते का अडते हे मराठी कानालाही कळते. ‘मी त्या घरात राहायचो’ हे बरोबर वाटते, परंतु ‘मी त्या घरात पाच वर्षे राहायचो’ म्हटले की जीभ अडखळते, कारण एकदा मोजून पुरा झालेला काळ सवयीच्या रूपात बसत नाही. तेथे ‘राहिलो’ किंवा ‘राहत होतो’ हवे, तसेच इंग्रजीत साधा भूतकाळ ‘लिव्ह्ड’ हवा. मोजलेल्या वेळांचेही तसेच आहे: ‘मी तिथे तीन वेळा गेलो’ याला ‘यूज्ड टू’ चालणार नाही, ‘मी तिथे दिवसातून तीन वेळा जायचो’ याला मात्र चालेल, कारण येथे तीन हा आकडा सवयीच्या आतला आहे. मनातल्या मनात ‘-यचो, -यचे’ लावून पाहण्याची ही कसोटी बहुतेक वेळा उपयोगी पडते.

बहुतेक वेळा म्हणतो, कारण एक मोठा अपवाद आहे. ‘यूज्ड टू’ जसे कृतींना लागते तसे स्थितींनाही लागते. ‘येथे एक विहीर होती’, ‘ती फार लाजाळू होती’, ‘मला गणित आवडत नव्हते’, ही वाक्ये इंग्रजीत ‘यूज्ड टू’ने सहज होतात. मराठीत मात्र ‘येथे एक विहीर असायची’ असे कुणी म्हणत नाही; विहीर काही रोज येऊन बसत नाही. आपण नुसते ‘होती’ म्हणतो, आणि आता ती नाही हे सांगायचे असेल तर ‘पूर्वी’ हा शब्द आधी ठेवतो. म्हणून इंग्रजी लिहिताना मनातील मराठी वाक्यात ‘पूर्वी’ आले, आणि पुढे ‘आता नाही’ हे न बोलता आले, की ‘यूज्ड टू’ची आठवण ठेवावी.

प्रश्न: मी शिकवण्या घेते. मुलांना ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ आणि ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ ही दोन वाक्ये समजावताना माझीच पंचाईत होते. एका ठिकाणी ‘वर्क’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वर्किंग’ का? ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते असेच आम्ही शिकलो आहोत.

आपण शिकलात ते खोटे नाही, पण अर्धे आहे. इंग्रजीत ‘टू’ नावाचे दोन वेगळे शब्द आहेत असे मुलांना खुशाल सांगावे. एक ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटून येतो: ‘टू वर्क’, ‘टू गो’. दुसरा ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे, आपल्या ‘ला’, ‘कडे’ यांच्यासारखे. तो नामाच्या मागेपुढे वावरतो. पहिल्या वाक्यातील ‘टू’ पहिल्या जातीचा आहे आणि दुसऱ्या वाक्यातील दुसऱ्या जातीचा.

ओळखायचे कसे, तर त्या जागी एखादे नाम ठेवून पाहावे. ‘आय ॲम यूज्ड टू नॉइज’ हे वाक्य पुरे होते: मी गोंगाटाला सरावलो आहे. ‘आय यूज्ड टू नॉइज’ हे मात्र वाक्यच होत नाही. जेथे नाम बसते तेथे क्रियापद आणायचे झाले, तर त्याला नामाचा वेष चढवावा लागतो, आणि तो वेष म्हणजे ‘-इंग’. आता मराठीकडे पाहावे. आपण ‘मी गोंगाटाला सरावलो’ म्हणतो, आणि क्रियापद आणायचे असेल तेव्हा ‘मी रात्री काम करण्याला सरावलो’ म्हणतो. ‘कर’ या धातूला ‘ला’ थेट लागत नाही. आधी त्याचे ‘करणे’ हे नाम होते, मग ‘करण्याला’. इंग्रजीतील ‘टू वर्किंग’ म्हणजे हेच ‘काम करण्याला’. मुलांना ‘जेरंड’ या शब्दाची व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा ‘करण्याला’ हा एक शब्द फळ्यावर लिहिलात, तर ती ‘यूज्ड टू वर्क’ आणि ‘यूज्ड टू वर्किंग’ यांत पुन्हा गोंधळणार नाहीत. हाच दुसरा ‘टू’ ‘लुक फॉरवर्ड टू’ आणि ‘ऑब्जेक्ट टू’ यांतही आहे, म्हणून पत्राच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ न लिहिता ‘टू मीटिंग यू’ लिहावे लागते.

रचनेचा उलगडा झाला तरी अर्थाची बाजू राहते, आणि तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘ॲम यूज्ड टू’ याचा अर्थ पाठ्यपुस्तकांत ‘सवय असणे’ असा दिलेला असतो. हा अर्थ चूक नाही, परंतु मराठीत ‘सवय’ या शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. ‘माझ्या भावाला नखे खायची सवय आहे’ या वाक्यात सवय म्हणजे हातून नेहमी घडणारी गोष्ट. ‘माझ्या भावाला थंडीची सवय आहे’ या वाक्यात सवय म्हणजे सराव. थंडी तो काही करत नाही, ती त्याला जाचत नाही एवढेच. ‘यूज्ड टू’ हे फक्त या दुसऱ्या अर्थासाठी आहे. नखांचे वाक्य ‘ही इज यूज्ड टू बाइटिंग हिज नेल्स’ असे केले, तर नखे खाणे ही त्याला सुरुवातीला जड गेलेली आणि आता अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, असा विचित्र अर्थ निघतो. तेथे ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ बाइटिंग हिज नेल्स’ हेच म्हणायला हवे. मुलांना कसोटी द्यायची झाली तर ही द्यावी: मराठी वाक्यात ‘सवय आहे’ काढून ‘सरावलेला आहे’ घालून पाहा, अर्थ टिकला तर ‘यूज्ड टू’, न टिकला तर ‘हॅबिट’. ‘नखे खायला सरावलेला’ असे कुणी म्हणत नाही.

आणि ‘असणे’ व ‘होणे’ हा भेदही येथे येतो. सराव झालेला असणे म्हणजे ‘बी यूज्ड टू’. सराव होत जाणे म्हणजे ‘गेट यूज्ड टू’. आपल्याकडे त्यासाठी ‘अंगवळणी पडणे’ असा चपखल वाक्प्रचार आहे. मला स्वतःला हा भेद पक्का कळला तो एका चष्म्यामुळे. दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून पाहता येईल असा चष्मा पहिल्यांदा लावला, तेव्हा जिना उतरताना खालची पायरी जागच्या जागी न दिसता थोडी वर उचललेली आणि पुसट दिसे, आणि पाऊल टाकण्यापूर्वी मी कठडा धरून उभा राहत असे. मान न हलवता नुसते डोळे खाली वळवले की पायरी भिंगाच्या वाचायच्या भागातून दिसते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्या वेळी मला कुणी इंग्रजीत विचारले असते, तर उत्तर ‘आय ॲम नॉट यूज्ड टू दीज ग्लासेस’ असे आले असते: अजून सराव नाही. पुढच्या आठवड्यात हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पायरी पाहायची, हे मानेला आपोआप समजू लागले. ते दिवस ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू देम’ या वाक्याचे. एके दिवशी जिना उतरून खाली आल्यावर लक्षात आले की आज चष्म्याची आठवणच झाली नाही. ते ‘आय हॅव गॉट यूज्ड टू देम’. आता तर तो काढला की चुकल्यासारखे होते. या सगळ्या अवस्थांत ‘यूज्ड टू’ हे दोन शब्द जसेच्या तसे राहिले आणि काळ, नकार, चालूपणा हे सगळे ‘बी’ आणि ‘गेट’ यांनी पेलले, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. सरावाला आज, काल, उद्या असे तिन्ही काळ असतात. ‘विल गेट यूज्ड टू’ म्हणजे ‘होईल सवय’. सुटलेल्या सवयीला मात्र एकच काळ असतो, म्हणून पहिल्या प्रश्नातील ‘यूज्ड टू’ला भूतकाळाशिवाय दुसरे रूपच नाही.

प्रश्न: ‘डिडन्ट’नंतर ‘यूज टू’ लिहावे की ‘यूज्ड टू’? मी दोन्ही छापलेले पाहिले आहे.

‘डिडन्ट यूज टू’ लिहावे. भूतकाळ ‘डिड’ने एकदा उचलला की पुढच्या क्रियापदाने तो पुन्हा उचलायचा नसतो, ‘डिडन्ट वेन्ट’ आपण लिहीत नाही, त्यातलाच हा प्रकार. प्रश्न विचारतानाही ‘डिड यू यूज टू’ असेच. आपण पाहिलेले ‘डिडन्ट यूज्ड टू’ बरेच जण लिहितात, कारण बोलताना ‘यूज्ड’चा शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरून जातो आणि दोन्ही रूपे कानाला एकसारखीच ऐकू येतात; परीक्षेत किंवा कार्यालयीन पत्रात मात्र ते चूक धरले जाईल. ‘यूज्ड नॉट टू’ हे जुन्या वळणाचे नकारार्थी रूपही शुद्ध आहे, पण ते आता ग्रंथांतच अधिक भेटते. रोजच्या बोलण्यात ‘नेव्हर यूज्ड टू’ हा सोपा मार्ग आहे, आणि त्यात ‘ड’ राखायचा असतो, कारण तेथे ‘डिड’ नाही.

प्रश्न: इंग्रजी कथांत ‘यूज्ड टू’च्या ठिकाणी ‘वुड’ येते. ‘ही वुड सिट बाय द विंडो’ याचे मी ‘तो खिडकीपाशी बसेल’ असे भाषांतर केले आणि पुढचा सगळा परिच्छेद बिघडला. दोन्हींचा अर्थ एकच आहे का?

त्या वाक्याचे मराठी ‘तो खिडकीपाशी बसे’ किंवा ‘बसायचा’ असे व्हायला हवे होते. भूतकाळात पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीसाठी इंग्रजीत ‘वुड’ वापरतात, आणि तेवढ्यापुरते ते ‘यूज्ड टू’च्या जागी चालते. परंतु ते स्थितीला लागत नाही. ‘येथे एक विहीर होती’ याला ‘देअर यूज्ड टू बी अ वेल’ म्हणता येते. ‘देअर वुड बी अ वेल’ म्हटले की ‘विहीर असेल’ किंवा ‘विहीर असती’ असा भलताच अर्थ होतो.

दुसरा फरक असा की ‘वुड’ला स्वतःचा काळ नसतो, तो आधीच्या वाक्यांकडून घ्यावा लागतो. म्हणून कुशल लेखक परिच्छेदाच्या तोंडाशी एकदा ‘यूज्ड टू’ लिहून काळाची चौकट ठोकतो, आणि मग आत एकामागून एक ‘वुड’ येऊ देतो: तो उन्हाळ्यात आजोबांकडे राहायचा, सकाळी उठे, नदीवर जाई, ओल्या अंगाने परत येई. मराठीतही अशी कथा सांगताना पहिल्या वाक्यात आपण ‘राहायचा’ किंवा ‘राहत असे’ म्हणतो आणि पुढे ‘उठे, जाई, येई’ अशी हलकी रूपे घेतो. सगळी वाक्ये ‘असे, असे’ करत संपवली तर लय मोडते. म्हणून माझी सूचना अशी की भाषांतर करताना ‘यूज्ड टू’ला ‘-यचा’ किंवा ‘-त असे’ द्यावे आणि ‘वुड’साठी शक्य तेथे ‘उठे, जाई’ ही रूपे योजावीत. ती आता बोलण्यातून जवळजवळ गेली आहेत, आणि कथनात त्यांची जागा दुसरे कोणतेही रूप तितक्या हलकेपणाने घेत नाही, म्हणून ती वापरात राहावीत असे मला मनापासून वाटते. अर्थात आजच्या शहरी तरुणाच्या तोंडचे निवेदन असेल, तर ‘बसायचा’च बरे, तेथे ‘बसे’ उसने वाटेल.

प्रश्न: ‘द रूम वॉज यूज्ड टू स्टोअर ग्रेन’ या वाक्यात ‘वॉज यूज्ड टू’ असूनही पुढे ‘स्टोअरिंग’ का नाही?

कारण हे ‘यूज्ड’ वेगळे आहे. येथे ते ‘वापरणे’ या अर्थाने आले आहे: धान्य साठवायला ती खोली वापरली जात असे. कर्मणी रचना आणि पुढे हेतू, एवढाच मामला आहे. खोलीला कशाचा सराव होण्याचा प्रश्न येत नाही. कर्त्याच्या जागी निर्जीव वस्तू असली की बहुधा हाच अर्थ असतो. उच्चारही निराळा आहे. ‘वापरणे’ या अर्थी ‘यूज्ड’मध्ये ‘झरा’तला मऊ ‘झ’ ऐकू येतो, ‘यूझ्ड’ असा. सवयीच्या आणि सरावाच्या ‘यूज्ड टू’मध्ये मात्र ‘स’ असतो आणि दोन्ही शब्द एकत्र होऊन ‘यूस्टू’ असे काहीसे ऐकू येते. लिपीत न दिसणारा हा फरक बोलताना पाळला, तर ऐकणाऱ्याला अर्थ लावणे फार सोपे जाते. शाळांत हा उच्चार क्वचितच शिकवला जातो आणि तो शिकवला जायला हवा.

प्रश्न: मी एका कथेचे भाषांतर करत आहे. त्यात एक मुलगी म्हाताऱ्या शेजारणीला विचारते, ‘डू यू सिंग?’ ती उत्तर देते, ‘आय यूज्ड टू.’ आणि पुढे काहीच बोलत नाही. हे तीन शब्द मराठीत कसे आणावेत?

इंग्रजीत ‘आय यूज्ड टू’ म्हणून थांबता येते, कारण पुढचे ‘सिंग’ प्रश्नातून आपोआप उचलले जाते. मराठीत ‘असे’ किंवा ‘-यचे’ एकटे उभे राहत नाही. धातू परत आणावाच लागतो. ‘मी पूर्वी गात असे’ हे व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु ते म्हातारीच्या तोंडी पुस्तकी वाटेल. ‘मला गाण्याची सवय होती’ तर सर्वस्वी चूक, कारण तेथे सवयीचा दुसराच अर्थ आत शिरतो. मी ‘गायचे पूर्वी’ असे लिहीन. ‘पूर्वी गायचे’ असे लिहिले तर ती पुढे कुठे, कधी, कुणाबरोबर हे सांगणार आहे असे वाटते. ‘पूर्वी’ हा शब्द शेवटी गेला की वाक्य तेथेच मिटते, आणि मुलीला पुढचा प्रश्न विचारायचा धीर होत नाही.